अंतराळात डोळ्यांचा नंबर का बदलतो?

२०२५ च्या रमजानमधली १९ मार्चची पहाट. सहरीसाठी ज्या घरांत दिवे लवकर लागले होते, तिथे त्या दिवशी चुलीआधी मोबाइल सुरू झाला असेल. आमच्याकडे तसेच झाले. साडेतीनच्या सुमारास सुनीता विल्यम्स, बुच विल्मोर आणि त्यांचे दोन सोबती फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरले. सुनीता आणि बुच गेले होते आठवडाभरासाठी आणि परतत होते २८६ दिवसांनी. यानाचे दार उघडले, एकेकाला हाताला धरून बाहेर काढले आणि स्ट्रेचरवर ठेवले.

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वळवून विचारले, "आजारी पडल्यात की काय गं त्या?"

"नाही दादी," माझा मुलगा म्हणाला, "नऊ महिने पायांवर वजनच नव्हतं ना, म्हणून. सगळ्यांनाच असं उचलून नेतात."

सासूबाईंचे तेवढ्याने समाधान झाले नाही. महिन्याभरापूर्वीच त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांनी काही दिवस खाली वाकायला मनाई केली होती, त्यामुळे त्या खुर्चीवर बसून नमाज अदा करत होत्या. त्यांचा पुढचा प्रश्न म्हणूनच वेगळा होता. "आणि डोळे? इथे मला वाकू नका म्हणतात. तिथे तर माणसं उलटी-सुलटी तरंगतात. त्यांच्या डोळ्यांना काही होत नाही?"

होते. आणि सासूबाईंनी भाकरी थापताना विचारलेला हा प्रश्न नीट विचारायला अवकाश-वैद्यकाला चाळीसहून अधिक वर्षे लागली. १९६१ साली युरी गागारिन अंतराळात गेले. त्यानंतर हाडे ठिसूळ होतात, स्नायू गळतात, चक्कर येते, हे सगळे लवकर लक्षात आले. डोळ्यांकडे मात्र कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही. काही अंतराळवीर तक्रार करायचे की, वर गेल्यावर जवळचे अक्षर वाचता येत नाही. पण हे लोक बहुतेक चाळीस-पंचेचाळिशीचे. चाळिशी लागली असेल, दुसरे काय, असे म्हणून विषय संपायचा. वर जाताना थोडा जास्त प्लस नंबरचा एक चष्मा सामानात देण्याची पद्धतही पडली. उपाय सापडला होता, पण नेमका कशावर हे कोणालाच माहीत नव्हते.

जॉन फिलिप्स या अमेरिकी अंतराळवीरामुळे हे चित्र बदलू लागले. २००५ साली ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सहा महिने राहिले. जाताना त्यांची नजर उत्तम होती. तिथे असताना खिडकीतून खाली पाहिले की पृथ्वी धूसर दिसू लागली. परतल्यावर तपासणी झाली, तेव्हा निरोगी डोळा शंभर फुटांवरून जी ओळ वाचतो ती वाचायला त्यांना वीस फुटांवर यावे लागत होते. केवळ वयाने सहा महिन्यांत असे होत नाही. तपासण्यांवर तपासण्या झाल्या. बुबुळाचा गोल मागच्या बाजूने चपटा झालेला आढळला, मेंदूकडे जाणारी डोळ्याची मुख्य नस सुजलेली होती आणि दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराला सुरकुत्या पडल्या होत्या. पुढे त्यांची नजर सुधारली, पण पहिल्यासारखी झाली नाही.

मग २००९ साली एक योग जुळून आला. स्थानकात एकाच वेळी दोन डॉक्टर होते, अमेरिकेचे मायकेल बॅरॅट आणि कॅनडाचे बॉब थर्स्क. दोघांनाही वाचताना त्रास होऊ लागला. दोघांनी एकमेकांचे डोळे तपासले आणि खाली कळवले. आजवर खाली आल्यावर सापडणारी सूज आता वर असतानाच दिसली होती. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, सहा महिने राहून आलेल्या सात अंतराळवीरांच्या डोळ्यांचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध झाला. त्यासोबत सुमारे तीनशे अंतराळवीरांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीचे आकडेही होते. थोड्या दिवसांसाठी गेलेल्यांपैकी २९ टक्के आणि दीर्घकाळ राहिलेल्यांपैकी ६० टक्के लोकांनी नजर कमी झाल्याचे सांगितले होते. म्हणजे माहिती कित्येक वर्षे फायलींमध्ये होतीच, ती एकत्र करून कोणी पाहिली नव्हती. नासात आता या विकाराला 'सॅन्स' म्हणतात. अंतराळप्रवासामुळे मेंदू आणि डोळे यांच्यात होणारा बिघाड, असा त्याचा अर्थ. दीर्घ मुक्काम करणाऱ्या दहापैकी साधारण सात जणांत त्याचे काही ना काही लक्षण दिसते, सगळ्यांची नजर बिघडतेच असे नाही.

डोक्याकडे चढणारे पाणी

याचे मूळ आपल्या उभे राहण्यात आहे. आपण दिवसाचे पंधरा-सोळा तास उभे किंवा बसलेले असतो. गुरुत्वाकर्षण रक्त आणि शरीरातले पाणी पायांकडे ओढत असते, आणि हृदय व शिरांमधल्या झडपा ते पुन्हा वर पाठवत असतात. ही रस्सीखेच जन्मभर चालते. अंतराळात दोर ओढणारा एक पक्ष अचानक मैदान सोडून जातो. पायांतले सुमारे दोन लिटर पाणी छातीकडे आणि डोक्याकडे सरकते. चेहरा सुजतो, पाय काटक्यांसारखे बारीक होतात, सर्दी झाल्यासारखे नाक चोंदते. जेवणाची चव लागेनाशी होते, म्हणून वर गेलेली मंडळी तिखट सॉस मागून घेतात. शुद्ध हवेच्या यंत्रणेत राहून माणसाला मिरचीची आठवण येते, हे मला फार माणुसकीचे वाटते.

आता डोळ्याची रचना पाहू. डोळा हा द्रवाने भरलेला गोल आहे. त्याच्या मागून निघणारी नस थेट मेंदूत जाते आणि या नसेभोवती एक आवरण असते. मेंदू ज्या पाण्यात तरंगतो, तेच पाणी या आवरणातही असते. म्हणजे डोळा आणि डोक्यातले पाणी शेजारी आहेत, मध्ये पातळ भिंत. पलीकडचा दाब बराच काळ जास्त राहिला की डोळ्याची मागची बाजू आत दबते. गोल किंचित चपटा होतो आणि दृष्टिपटल केसभर पुढे येते. तेवढ्यानेही जवळच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता पडद्यामागे पडू लागते. यालाच आपण प्लसचा नंबर वाढला असे म्हणतो.

आधी सर्वांना वाटले की अंतराळात डोक्यातला दाब प्रचंड वाढत असणार. पण तो मोजायचा कसा? त्यासाठी कवटीतून सुई घालावी लागते, आणि निरोगी माणसाला असे कोणी करत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी यावर वाट काढली, तीही कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या माणसांच्या मदतीने. उपचाराच्या काळात मेंदूपर्यंत औषध पोहोचवण्यासाठी यांच्या डोक्यात कातडीखाली एक छोटी कुपी बसवलेली होती. तिच्यातून दाब मोजता येतो. अशा आठ जणांनी उतारावरून कोसळल्यासारखे खाली येणाऱ्या एका खास विमानात बसायला होकार दिला. प्रत्येक झेपेत वीसेक सेकंद वजन नाहीसे होते, आणि तेवढ्यात माप घ्यायचे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या मापनाने सर्वांना चकित केले. वजनरहित अवस्थेत डोक्यातला दाब आपण पाठीवर झोपल्यावर असतो त्यापेक्षाही थोडा कमी होता. पण उभे असताना तो जितका उतरतो, तितका उतरत नव्हता. म्हणजे दाब फार वाढतो अशी अडचण नाही, तो कधी उतरतच नाही ही खरी अडचण आहे. पृथ्वीवर आपण सकाळी अंथरुणातून उठतो, तेव्हा डोक्याला मिळणारी सुटका आपल्याला जाणवतही नाही. अंतराळवीराला ती सहा-सहा महिने मिळत नाही. तो झोपला काय नि काम करत असला काय, त्याच्या मेंदूच्या हिशेबाने तो सतत आडवाच असतो.

याची परीक्षा जमिनीवरही घेतली जाते. जर्मनीतल्या कोलोन शहरात एका संशोधन केंद्रात स्वयंसेवकांना महिना-दोन महिने अशा खाटेवर झोपवतात, जिची डोक्याची बाजू सहा अंशांनी खाली असते. जेवण, वाचन, अंघोळ, सगळे तसेच. उशीसुद्धा नाही. अशा मुक्कामात काही जणांच्या डोळ्यांच्या नसेला खरोखरच सूज आली. सासूबाईंना हे सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दोन महिने? पैसे तरी चांगले देतात का?" देतात.

मेंदू जागचा हलतो

डोळ्यांच्या मागे मेंदू आहे, तेव्हा चौकशी तिथवर पोहोचणारच होती. २०१७ मध्येच ३४ अंतराळवीरांचे जाण्याआधीचे आणि आल्यानंतरचे एमआरआय ताडून पाहिले गेले. दीर्घ मुक्कामानंतर मेंदू कवटीत थोडा वर सरकलेला दिसला. माथ्याकडची मोकळी जागा कमी झाली होती. मेंदूच्या मधोमध असलेली एक मोठी घळ दीर्घ मुक्कामाच्या अठरापैकी सतरा जणांत अरुंद झाली होती, थोड्या दिवसांसाठी गेलेल्या सोळांपैकी फक्त तिघांत. मेंदूच्या आतल्या पाण्याने भरलेल्या पोकळ्याही रुंदावतात. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तीस जणांच्या पोकळ्या मोजल्या. दोन आठवड्यांत फारसा फरक पडत नाही, सहा महिन्यांत बराच पडतो, त्यानंतर वाढ मंदावते. पूर्ववत व्हायला मात्र तीनेक वर्षे लागतात असे त्यातून दिसते. एका मोहिमेवरून आलेला माणूस त्याआधीच पुन्हा वर गेला, तर त्याच्याकडे ताणायला जागाच कमी उरलेली असते.

याचा विचारशक्तीवर परिणाम होतो का? स्कॉट केली हे अंतराळवीर २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर राहिले, आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क, तेही माजी अंतराळवीर, त्या काळात जमिनीवर होते. दोघांची तुलना करणारा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर असताना स्कॉट यांची बुद्धी नीट चालत होती. खाली आल्यावर मात्र चाचण्यांमधला वेग आणि अचूकपणा काही महिने घटलेला राहिला. एका माणसावरून नियम ठरत नाही, आणि परतल्यावरचा थकवा व सततच्या तपासण्या हेही त्यामागे असू शकते. तरी नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

मेंदूला आणखी एक गोष्ट नव्याने शिकावी लागते, ती म्हणजे दिशा. आपल्या कानाच्या आत बारीक खडे असतात, ते वजनामुळे खाली झुकतात आणि 'खाली' कुठे आहे हे मेंदूला सांगतात. अंतराळात हे खडे गप्प होतात. मग मेंदू फक्त डोळ्यांवर विसंबतो, आणि त्या गोंधळात पहिले काही दिवस अनेकांना मळमळते. मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर २००७ च्या रमजानमध्ये स्थानकात गेले, तेव्हा तिथल्या उलेमांना याच गोष्टीचा विचार करावा लागला होता. जिथे वर-खाली नाही आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी होते, तिथे किब्ला कोणता आणि सजदा कसा? त्यांनी जमेल त्या क्रमाने मुभा दिली. काबा शक्य नसेल तर पृथ्वीची दिशा, तेही शक्य नसेल तर जिकडे तोंड असेल तिकडे. संयुक्त अरब अमिरातीचे सुलतान अल नेयादी २०२३ मध्ये १८६ दिवसांच्या मोहिमेवर होते. रमजान त्यातच आला. मुसाफिराला रोज्याची सवलत असते, हे त्यांनी जाण्याआधीच पत्रकारांना सांगितले होते.

डोळे मिटल्यावर दिसणारे दिवे

इथवर झाली वजनाची गोष्ट. दुसरा शत्रू दिसत नाही. खरे तर दिसतो, आणि तेही डोळे मिटल्यावर.

१९६९ साली चंद्रावरून परतताना अपोलो ११ च्या बझ ऑल्ड्रिन यांना अंधाऱ्या यानात प्रकाशाच्या ठिणग्या दिसल्या. पुढच्या मोहिमांतल्या लोकांना विचारले, तर त्यांनाही दिसल्या. कधी ठिपका, कधी रेघ, दर काही मिनिटांनी एखादी. पापण्या मिटलेल्या असल्या तरी. हे वैश्विक किरण होते. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून निघालेले जड अणुगर्भ जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत येतात, यानाच्या भिंतीतून, कवटीतून आणि डोळ्यातून आरपार जातात. जाता जाता दृष्टिपटलाला धक्का देतात आणि मेंदूला तो प्रकाश वाटतो. अपोलो १६ आणि १७ वर यासाठी खास शिरस्त्राण नेले होते, ज्याच्यात फोटोच्या फिल्मसारखे थर बसवले होते. किरण नेमका कुठून गेला आणि माणसाला ठिणगी कधी दिसली, हे ताडून पाहण्यासाठी.

आपण जमिनीवर सुरक्षित असतो, कारण डोक्यावरची हवा सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या थराइतकी जड आहे, आणि तिच्या बाहेर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आहे. स्थानक चारशे किलोमीटरवर फिरते. हवा त्याच्या खाली राहते, पण चुंबकीय छत्री बरीचशी लाभते. तरीही आपल्याला वर्षभरात निसर्गातून दोन-अडीच मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, तेवढा तिथे चार-पाच दिवसांत मिळतो. मंगळाच्या वाटेवर तर छत्रीच नाही. क्युरिऑसिटी या यानाने मंगळाकडे जाताना वाटेतला किरणोत्सर्ग मोजला, तो दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट भरला. जाण्या-येण्याच्या प्रवासाचे मिळून साडेसहाशेच्या घरात. सूर्यावर वादळ उठले तर गोष्टच वेगळी. ऑगस्ट १९७२ मध्ये असे वादळ आले होते, अपोलो १६ आणि १७ यांच्या बरोबर मधल्या काळात. तेव्हा चंद्राच्या वाटेवर कोणी नव्हते, ही अल्लाहची मेहेरबानीच.

सासूबाईंच्या आजाराचा धागा इथे लागतो. २००१ मधल्या एका अभ्यासात मोतीबिंदू झालेले ३९ अंतराळवीर सापडले, आणि त्यातले ३६ जण चंद्रमोहिमांसारख्या जास्त किरणोत्सर्गाच्या प्रवासाला गेलेले होते. डोळ्याचे भिंग किरणांना फार हळवे असते. मोतीबिंदू निदान काढता तरी येतो, मेंदूच्या पेशी बदलून मिळत नाहीत.

मेंदूबद्दलची माहिती मुख्यतः उंदरांकडून आली आहे. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वैश्विक किरणांसारखे जड कण यंत्रातून तयार करता येतात. कॅलिफोर्नियातले चार्ल्स लिमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे कण झेललेल्या उंदरांचा अभ्यास छापला. त्यांच्या मेंदूच्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या फांद्यांवरचे बारीक अंकुर कमी झाले होते. पिंजऱ्यात ओळखीच्या खेळण्याशेजारी नवे खेळणे ठेवले की सशक्त उंदीर नव्याकडे धावतो. या उंदरांना नवे-जुने कळेनासे झाले. वर्तमानपत्रांनी लगेच मंगळावर जाणाऱ्याला वेड लागणार अशा थाटाचे मथळे दिले. ते घाईचे होते. उंदरांना महिन्यांचा डोस काही मिनिटांत दिला होता, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण २०१९ मध्ये त्याच गटाने सहा महिने रोज थोडा थोडा किरणोत्सर्ग देऊन पाहिला, तरी उंदरांची आठवण आणि शिकणे मंदावले, ते अधिक घाबरट झाले. मथळे फुगलेले होते, काळजी मात्र खरी होती.

खेचून खाली आणायचे

किरणांवर आज तरी सोपा उपाय नाही. जाड भिंत जड होते आणि जड यान उडत नाही. म्हणून वादळाच्या वेळी पाण्याचे साठे आणि सामान यांच्या आडोशाला जमायचे, एवढीच युक्ती आहे.

पाण्याचे मात्र काही करता येईल असे दिसते. रशियन अंतराळवीर परतण्याआधी 'चिबिस' नावाची एक विजार घालतात. कमरेखाली हवा ओढून घेऊन ती रक्त पायांकडे खेचते. त्याच कल्पनेवर टेक्सासमधल्या डॉक्टरांनी झोपायची पिशवी बनवली. कमरेपर्यंत माणूस आत, आणि एक यंत्र हळूहळू हवा ओढत राहते. दिवसभर डोक्याला जी सुटका मिळाली नाही, ती रात्री द्यायची. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा स्वयंसेवक तीन दिवस सलग आडवे होते. रोज रात्री आठ तास या पिशवीत झोपल्यावर डोळ्यामागच्या थराला येणारी सूज टळली. दुसरीकडे असेही दिसते आहे की ब जीवनसत्त्वांच्या वापराशी संबंधित काही जनुके ज्यांच्यात वेगळी असतात, त्यांच्या डोळ्यांना हा त्रास जास्त होतो. एकाच यानात, एकच अन्न खाणाऱ्या दोघांपैकी एकालाच चष्मा का लागतो, याचा एक धागा तिथे असावा.

भारतालाही आता हे प्रश्न आपले म्हणून विचारावे लागतील. १९८४ मध्ये राकेश शर्मा आठवडाभर वर होते, तेव्हा त्यांनी योगासने करून वजनरहित अवस्थेला शरीर कसे तोंड देते ते पाहिले होते. जुलै २०२५ मध्ये परतलेले शुभांशु शुक्ला स्थानकात अठरा दिवस राहिले. इस्रोने त्यांच्यासोबत पाठवलेल्या प्रयोगांपैकी एक याच विषयाशी निगडित होता. वजन नसताना संगणकाच्या पडद्यासमोर काम करताना डोळ्यांच्या हालचाली आणि मेंदूची समज कशी बदलते, हे त्यात पाहायचे होते. गगनयानाची उड्डाणे थोड्या दिवसांची असतील, त्यांना याची फार धास्ती नाही. पण २०३५ पर्यंत आपले स्वतःचे स्थानक उभारायचे ठरले आहे, आणि तिथे राहायला माणसे जातील.

त्या पहाटे भाकऱ्या झाल्या, सहरी उरकली. माझा मुलगा भिंतीला पाय टेकवून उताणा पडला होता, अंतराळवीरासारखे डोके जड होते का पाहायला. सासूबाईंनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिले. तिथे स्ट्रेचरची चित्रे अजून फिरत होती. "आणि मंगळावर उतरतील तेव्हा?" त्या म्हणाल्या. "तिथे यांना उचलायला कोण असेल?"

मंगळापर्यंत पोहोचायला सहा ते नऊ महिने लागतात. तिथे उतरल्या उतरल्या वजन परत येईल, पृथ्वीच्या साधारण ३८ टक्के. दार आतून स्वतःच उघडायचे, स्वतःच्या पायांवर उभे राहायचे आणि पडद्यावरचे आकडे स्वतःच्याच डोळ्यांनी वाचायचे. झोपायच्या पिशवीची चाचणी झाली होती तीन दिवसांची.